एक पहाट

माझा पारोळ्यात लग्नपत्रिकांचा छापखाना.
मार्चअखेर गल्लीतल्या अकरा बायका आल्या,
म्हणाल्या, नोटा छापून दे.
मी आधी शटर अर्धं खाली ओढलं.

रुपये नव्हते छापायचे.
बिबड्यांचा घाटा हाटायला
चार वाजता दुसरीच्या गच्चीवर जायचं,
त्या जाण्याचा हिशेब राहत नव्हता.
यमुना म्हणे तीन फिरल्या नाहीत,
विठाबाई म्हणे दोनच;
मागच्या वर्षी दोघींनी एकमेकींची
खाटसुद्धा मागितली नव्हती.
म्हणून नोट. किंमत: एक पहाट.
सुट्टी हवी तर अर्धी,
लसूण सोलण्यापुरती.

चित्र कशाचं?
मी म्हटलं, किल्ला टाकू.
‘किल्लामा आमनं काय से?’
मग खाट ठरली. वर ओलं धोतर, त्यावर गोल.
माझ्याकडे खाटेचा ठसा कुठला?
बारशाचा पाळणा होता.
कानसीनं दोऱ्या घासून काढल्या,
तेव्हा तो कसाबसा चार पायांवर उभा राहिला.

सही कोणी करायची, यात दोन दिवस गेले.
शेवटी वेलबुट्टीच्या जागी
अकरा नावं, मुंगीएवढी.
कागद एका मोडलेल्या लग्नाचा, गुलाबी;
उजेडात धरला की पाठीमागून
‘चि. सौ. कां.’ दिसतं.
राहू दे, म्हणाल्या, नकली करणाऱ्याला
तेवढंच जड जाईल.

मे महिन्यात एक नोट पोपट शिंप्याकडे पोचली,
ब्लाउजच्या शिलाईत.
त्यानं ती बायकोला दिली.
दुसऱ्या दिवशी त्यांच्या नळाचं पाणी यमुनेनं भरलं,
आणि शिंपीण आठपर्यंत झोपली.
असं यापूर्वी घडल्याचं
गल्लीत कोणाला आठवत नाही.

अनसूयाबाई सुरतेला लेकाकडे गेल्या,
डब्यात सात नोटा घेऊन.
तिथं त्या चालत नाहीत.
फोनवर विचारतात, अजून धरतात ना?
धरतात, म्हणतो मी. मी कोण सांगणारा.

एक नोट माझ्याकडेही आहे.
पहिल्या छपाईतली, जुळणी चुकलेली: ‘एक पाहट’.
परवा झोप लागेना
म्हणून ती घेऊन यमुनेच्या गच्चीवर गेलो.
तिनं चुलीच्या जाळाशी धरून वाचली.
‘हाई ते खोटी से,’ म्हणाली,
आणि सरकून
घाटा हाटायचा दांडा माझ्या हातात दिला.