ताईस

सतरा वर्षांची होती. ब्राझीलची. नाव ताईस.
रोटरीवाल्यांनी वर्षभरासाठी आमच्याकडे दिलेली,
आमचा शार्दूल तिच्या गावी
आणि ती शार्दूलच्या खोलीत, त्याच्या क्रिकेटच्या पोस्टरांखाली.
कुंभलकर काकू फाटकातूनच म्हणाल्या,
हे कसं नाव बाप्पा, हा तर पत्राचा मायना!
सौ. ताईस, अनेक उत्तम आशीर्वाद.

महालातल्या शाळेत मी व्याकरण शिकवायची.
मला त्यात लगेच विभक्ती दिसली :
चतुर्थी. संप्रदान.
जिला काही द्यायचं, ती.

आणि चतुर्थीच्याच दिवशी, संकष्टीच्या,
गंजात भिजवलेला साबुदाणा
तिने दोन बोटांत चिरडून पाहिला, हुंगला,
फोनवर एक मातकट कंद दाखवला
आणि म्हणाली, ये हमारा है.
मग घरच्या पावाचं सांगत बसली,
रविवारी सकाळी आई करते तो, चीजचा, लिंबाएवढा,
हातवारे करकरून, चंद्र निघेपर्यंत.

केला मी. काऊन नाही करणार?
साबुदाणा मिक्सरमधून काढला, ओढणीतून चाळला,
दूध घातलं कोमट,
चीज निळ्या डब्यातलं, चौकोनी,
नानखटाईच्या गोल ओव्हनात तासभर.
निघाल्या कॅरमच्या सोंगट्या.
यांनी एक टेबलावर आपटून पाहिली.
तिने नऊ खाल्ल्या.
मीच शिकवलेल्या मराठीत म्हणाली,
अगदी माझ्या आईसारख्या.
मी ते खरं धरलं.
बारा वर्षं खरं धरलं, पाहुण्यांना सांगितलं,
एकदा तर बिशीत.

आज मे महिना, पंचेचाळीस डिग्री,
गोकुळपेठेतून भाजी आणेस्तोवर सांभार कोमेजला
आणि मी भर दुपारी ओव्हन लावून राहिली.
रिटायर झालेल्या बाईला कोण अडवतो?
दूध, तेल, मीठ : यावेळी खळखळा उकळू दिलं.
उकळतं ओतलं पिठावर.
पीठ चिडलं, गोळा झालं, लाटण्याला चिकटलं
खळीसारखं, पोस्टर लावायच्या.
निवल्यावर दोन अंडी, मूठभर किसलेलं चीज,
आणि फडक्यात रात्रभर टांगलेलं पनीर, खारवून,
कारण तिकडचं चीज खारट असतं म्हणायची ती,
आणि तिकडच्या गायींना आपल्यासारखंच वशिंड.
सोडा नाही. खमीर नाही.
हाताला तेल, हातावर गोळा, गोळ्यावर गोळा.

काचेतून बघत बसली मी.
दहा मिनिटं काही नाही.
मग एकाने खांदे वर केले.
मग सगळ्यांनीच.

हे आले, घामाघूम, कूलरचा पंप ठोकून.
उपासाला चालते का?
अंडं आहे त्यात.
मग साबुदाण्याचं काऊन केलं?

मी एक मोडला.
वरून कुरकुर. आत पोकळ, वाफ,
आणि चिवट, ओलसर तार,
या हातापासून त्या हातापर्यंत, तुटेना.
असा असतो तर.
हा असा असतो.

नऊ, पोरी!
नऊ सोंगट्या, दातांखाली कडाकडा,
आणि चेहऱ्यावर हे असं काही आठवत असल्यासारखं.
मी संप्रदान शिकवत होते.
देत कोण होतं, ते मला आज कळलं,
तोंड भाजलेलं असताना.

फोनवर फोटो पाठवता आला असता.
शार्दूलकडे असेल नंबर, पुण्याला विचारता आलं असतं.
मी रेघांचा कागद काढला.
सौ. लिहिलं. लग्न झालं का, ठाऊक नाही. सौ. खोडलं.
उरलं
ताईस,

स्वल्पविरामाशी थांबले.
कूलरच्या वाऱ्याने कागद उडू लागला
म्हणून त्यावर एक पाव ठेवला, गरम.
उचलला तेव्हा खाली तेलाचा डाग, गोल,
त्यातून पलीकडचं टेबल दिसत होतं.