इतिवृत्तात दुरुस्ती

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, साडेसहाला,
ग्रंथालयाच्या तळघरात बसतो आमच्या शहराचा आयोग.
नाव लांबलचक: मानवी संबंध आणि समावेशन.
अधिकार आखूड. फक्त शिफारस करता येते.
वर्षाला बाराशे डॉलर,
त्यातले नऊशे जत्रेतल्या तंबूला,
आणि तंबू दरवर्षी वाऱ्याने उलटा होतो.

मी सदस्य नाही. मी लिहून घेते.
कोण हजर, कोणी मांडलं, कोणी अनुमोदन दिलं.
उसासे लिहायचे नसतात.

जानेवारीत विषय होता गाड्यांचा.
रात्री भोंगा वाजला की सम घरांची बाजू मोकळी करायची,
दुसऱ्या रात्री विषम घरांची.
इथे जन्मलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.
एकेचाळीस गाड्या उचलल्या त्या रात्री,
तेहतीस टर्की-कारखान्याच्या रात्रपाळीवाल्यांच्या.
सोडवायला दोनशे दहा, वर रोजचं भाडं.
एकाने गाडी तिथेच सोडून दिली:
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

"खांबाखांबावर पाटी आहे की," ऑर्विल स्टेन्सरूड म्हणाला.
बत्तीस वर्षं बर्फाचा नांगर चालवतोय,
उजव्या हाताची दोन बोटं थंडीने नेलेली.
"नांगराला भाषा नसते. आडवं आलं की ढकलतो."

सॉ एह डो सहसा बोलत नाही.
तो म्हणाला, "आमच्या गावात भोंगा वाजला
की बाहेर पडायचं नसायचं.
जमिनीला छाती लावून पडून राहायचं.
माझी आई अजून तेच करते. इथे. गालिच्यावर."

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत राहिलं.
मी लिहिलं: चर्चा झाली.

उबाहने सुचवलं, भोंग्याआधी फोन जाऊ दे,
चार भाषांत, माणसाच्या आवाजात.
मग दोन बैठका नुसत्या शब्दांत गेल्या.
सम बाजू म्हणजे कुठली, हे दाराशी उभ्या माणसाला कसं सांगायचं?
भुसभुशीत, ओला, वाऱ्याने रचलेला, वर काच धरलेला:
ऑर्विलकडे बर्फाची सतरा नावं.
उबाहकडे एकच. बरफ.
"पुरेल," ती म्हणाली,
"आम्हाला गाडी हलवायची आहे, त्याचं बारसं नाही करायचं."

ठराव मंजूर, चार विरुद्ध एक.
तो एक कोण, सांगायला नको.

फेब्रुवारीत पुन्हा पडला. रात्री दोनला
आधी फोन वाजले, मग भोंगा.
मी खिडकीतून पाहत होते.
पायजम्यांवर कोट चढवून माणसं उतरली,
कुणी फावडं आणलं, कुणी शेजाऱ्याची काच खरवडली,
कुणी नुसतीच शिव्या देत उभी. त्या मला कळल्या,
भाषा नाही कळली.

एक निळी गाडी मात्र तशीच.
नांगर आला, पिवळा दिवा फिरवत, आणि थांबला.
ऑर्विल खाली उतरला. दार ठोठावलं, तीन बोटांनी.
इंजिनाच्या घरघरीवरून ओरडला,
जीभ पार बोबडी वळलेली:
"बरफ! बरफ!"
दार उघडलं. किल्ली हातात घेतलेला एक मुलगा,
पायात एकच बूट.

मार्चमध्ये कोणी यातलं काही काढलं नाही.
पोहण्याच्या तलावावर बायकांसाठी वेगळा तास हवा का,
यावर ऑर्विलने पुन्हा विरोधात हात वर केला.
तीच तीन बोटं.

शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं,
"मागच्या इतिवृत्तात काही दुरुस्ती?"
कधीच नसते. मी वही मिटत होते.
उबाहने हात वर केला.
"माझं आडनाव गुलेद आहे.
अकरा महिने तुम्ही गुलाद लिहिताय."

समावेशन हा शब्द मी त्या वहीत
किती वेळा न चुकता लिहिला असेल.
कान तापले माझे.
"आधी का नाही सांगितलंस?"

"विषयपत्रिकेवर नव्हतं," ती म्हणाली,
आणि हसली की नाही, ते मला ठरवता आलं नाही.

मी वही पुन्हा उघडली.
काना खोडला. वर मात्रा दिली.
अकरा ठिकाणी.
ऑर्विल खुर्च्या रचत थांबला होता,
दिवा बंद करायचा होता त्याला.