पानगे

आर्वीच्या अलीकडे संत्र्याचा बगिचा, पूस महिना,
सत्तावन्न माणसांचं जेवण
आणि झिंगराजी मामा गोवऱ्या रचतो आहे,
मधे वारा खेळेल एवढी फट ठेवून.
"काय करतं वं सुषमे तू तिकडं?"
जाळते, मी म्हणाले.
तो हसला नाही. "काय?"

काय सांगू.
पेराएवढा एक तुकडा असतो.
राळ, काचेचे धागे, बुचाच्या झाडाची साल.
तो नळीसमोर धरायचा.
नळीतून येते ती हवा हवा राहिलेली नसते,
जांभळा उजेड झालेला असतो तिचा.
चाळीस सेकंद.
मग तुकडा निवू द्यायचा आणि मोजायचं,
किती गेला, किती राहिला.
त्यावरून ठरतं, वरून परत येणाऱ्या यानाच्या
बुडाला किती जाड साल बांधायची.

"लोखंड काहून नाई लावत?"
लोखंड आच आत घेऊन येतं, मामा.
"मंग?"
मग असं लावायचं जे स्वतः जाईल
आणि जाताना आच घेऊन जाईल.

"हं," म्हणाला, जसं कोणी नात्यातलं नाव सांगितलं.

मग तो कणकेचा गोळा थापू लागला,
ओवा, मीठ, तेलाचा हात,
खाली पळसाचं पान, वर पळसाचं पान,
आणि लालबुंद गोवऱ्यांत सरकवला, बोटांनी,
चिमटा शेजारीच पडलेला असताना.

मी मदत म्हणून बांधावरची पानं गोळा केली होती,
चांगली कडक, खडखड वाजणारी.
त्यानं एक उचललं, चुरगाळलं, फेकून दिलं.
"वायलं पान भक्कन पेटते, पानगा बी कोयसा होते.
ओलं पाह्यजे. ओलं हयूहयू जयते,
आपली वाफ बाहीर फेकते,
इस्तवाले धकलते."

तेवीस नंबरचा तुकडा.
दिवाळीपासून मी त्याच्या मागे होते.
वाटलं होतं, भट्टीत जितका जास्त ठेवू तितका पक्का.
एकोणिसाव्या सेकंदाला आरपार गेला,
मागच्या तारेचा आकडा असा उडाला
की शिफ्टमधल्या कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.
अहवालात मी लिहिलं: नमुना अतिशुष्क.
दोन शब्द. त्यासाठी अडीच महिने.

राख ओढून घेतली वरून. आता थांबायचं.
शेजारच्या वावरात मोटार चालू होती, मग लाइन गेली.
सत्तावन्न माणसं सतरंजीवर, मुलं संत्र्याच्या साली
एकमेकांच्या डोळ्यात पिळत.
आत काय चाललंय, कळायला मार्ग नाही.
यान उतरतानाही अशी काही मिनिटं येतात.
चारी बाजूंनी जाळ, आवाज पोचत नाही,
खोलीतले सगळे घड्याळ सोडून
स्वतःच्या नखांकडे पाहतात.
मी काडीनं उकरायला गेले.
"उकरू नको."

मग त्यानं पहिला पानगा बाहेर काढला,
हातावर आपटला.
पान म्हणून काही उरलं नव्हतं,
एक काळा पापुद्रा, तोही फुंकर मारताच उडाला.
खाली कणीक, पिवळसर, फुगलेली,
आणि तिच्यावर शिरा उमटलेल्या,
मधली जाड, तिच्या बाजूंना बारीक बारीक,
अख्खं पान, फक्त पान नाही.

मी पर्समधून व्हर्नियर काढलं. हो, असतं माझ्याकडे.
पोरं हसली.
मामानं हात पुढे केला, "याचं बी माप घे."
बोटांची टोकं काळी, चिरलेली, गुळगुळीत;
त्यावर ठसे नाहीत,
रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही त्याचा,
तीनदा परत आला आहे.
"भाजत नाही?"
"वरचं जाते. खाली दुसरं असते."
आणि मग वांग्याच्या भाजीकडे ओरडला,
कोणी ढवळत नव्हतं.

जेवताना तीन पानगे खाल्ले मी, तूप सांडेस्तोवर.
उठून पत्रावळ टाकायला गेले
आणि पायानं राख सारली,
तर मागून आवाज आला,
"ते नको फेकू वं.
भांडे घासाचे हायत."