कारखान्याचा दिवा

पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री कधीही.
अडीचला, पावणेचारला, व्हॉल्व्हवाल्याच्या मर्जीनं.
म्हणून हे सुरू झालं, हौस म्हणून नव्हे.
हौदात एक तरंगता गोळा, तोटीशी सेन्सर,
आणि माळ्यावर, चादरींच्या गठ्ठ्यापासून हातभर लांब,
स्क्रीन फुटलेला माझा जुना लॅपटॉप.
घर आता तोच चालवतो.

आधी सगळं एकाच जागी ओतलं होतं मी.
लग्नघरातल्या सामानाच्या खोलीसारखं,
पिशव्यांवर पिशव्या, आणि किल्ली कुणाकडेही.
मोटार, दिवे, कॅमेरा, निरोप्या,
सगळेच मालक.

मग शेजारी, यमूलांच्या पाळण्यावरच्या कॅमेऱ्यानं
एका दुपारी आपोआप मान वळवली
आणि तो बाळ सोडून बाळाच्या आईकडे बघत राहिला.
लावण्यानं त्याच्यावर टॉवेल टाकला.
अजून आहे तो टॉवेल.

त्या रविवारी मी सगळं पुसलं.
प्रत्येकाला वेगळा कंटेनर.
मोटारीला हौद दिसतो, दिवे दिसत नाहीत.
कॅमेऱ्याला फक्त फाटक.
निरोप्या सगळ्यांचा,
पण पासवर्ड सांगितल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.
सेटिंगची फाइल वाचा, तिच्यात लिहू नका.
मालक कुणी नाही. सगळे रोजंदारीवर,
काम जेवढं तेवढीच किल्ली.
एखादा बिघडला तर तेवढाच मोडायचा, नवा उभा करायचा,
बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

नाना खाली शेंगा फोडत होते.
चाळीस वर्षं जॅकार्डची कार्डं पंच केली त्यांनी.
"काय करायलीस ग रजिता, सकाळधरनं?"
सांगितलं. अर्धं तरी कळलं असेल.
एवढंच विचारलं, "बाहेरच्या अंगाला होल किती?"
एक. तेही कुलपातलं.
"एक होल चुकलं की मोराच्या पाठीला चोच फुटती,"
म्हणाले, आणि टरफलं फुंकून
थोड्या वेळानं,
"पण आपल्यात काय हाय ग चोरायला?"

मी हसले. उत्तर नव्हतं.

स्वस्तातला कॅमेरा आहे.
रोज पहाटे कुठल्यातरी लांबच्या पत्त्याला हाका मारतो.
त्याच्या कंटेनरला बाहेरची वाटच ठेवलेली नाही,
हाक भिंतीवर आपटते, नोंदीत लाल ओळ उमटते.
त्या लाल ओळी मोजत बसले होते,
तर मध्येच एक साधी, काळी:

कारखाना. दिवा चालू. ३:१२.
कारखाना. दिवा बंद. ३:५०.

आदल्या रात्रीही. त्याच्या आदल्याही.
पाणी नसलेल्या रात्रींना सुद्धा.

कारखान्यात काही नाही आता.
चारही माग भंगारात गेले, वजनावर.
फरशीत बोल्टचे खड्डे, भिंतीला तेलाचा पट्टा,
एक स्टूल.
अडतीस मिनिटं नाना तिथं काय करतात
ते सेन्सरला कळत नाही.

हे आहे, नाना. चोरायला.

बाहेरच्या अंगाला होल एक, म्हटलं होतं मी.
आतल्या अंगाचं मोजलंच नव्हतं.
माळ्यावर बसून, चहाचा कप हातात,
सगळ्या कंटेनरांच्या किल्ल्या घेऊन
मी वाचत होते.

नोंदींच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली:
कारखान्याचा दिवा वगळा.
मागचं सगळं पुसलं.
कंटेनर बंद केला, परत चालू केला.
अकरा सेकंद घराला काहीच दिसत नव्हतं.

काल पाणी आलं पावणेचारला.
मोटार आपली आपण लागली.
सवयीनं जिन्यापर्यंत गेले,
खालच्या दाराखाली उजेड असेल किंवा नसेल,
तिथूनच परत फिरले.
हौद भरत होता. पाइप थोडा गुरगुरला,
मग तोही नाही.