सतरावी ओळ

परत न आलेल्या तेवीस बायका आहेत यादीत.
अकरा जणींचे फोन लागत नाहीत. एकीचा नंबर
लुसाकातल्या कुठल्याशा गॅरेजचा निघाला.
पूर आला की मोंगूच्या मैदानातली गावं
उठून उंचवट्यावर जातात,
पत्ते तेवढे पाण्याखाली राहतात.

म्हणून मी होडीत. मांडीवर प्लॅस्टिकात गुंडाळलेलं रजिस्टर,
पायाशी झिरपलेलं पाणी, हातात ते उपसायचा पत्र्याचा डबा.
लिकांडो उभ्याने वल्हं मारतो. बोलत नाही.

नामासिकू मासे वाळत घालताना सापडली.
"एका रोगाशी तडजोड झालीय माझी," म्हणाली,
"रोज रात्री आठला एक गोळी.
तो त्याच्या जागी, मी माझ्या.
आता हा दुसरा कोण? त्यालाही पोसू?"

सिस्टर म्वांगालाने मला सांगितलं होतं तसंच मी सांगितलं:
व्हिनेगर असतं, बसस्टँडवर चिप्सवर शिंपडतात जवळपास तेच.
मिनिटभर थांबायचं.
गर्भाशयाच्या तोंडाशी पांढरं उमटलं
तर तापलेल्या बारीक टोकाने जाळतात.
मासा परतायलाही याहून वेळ लागतो.
पांढरं म्हणजे कॅन्सरच असं नाही,
पांढरं म्हणजे बहुतेकदा
अजून वेळ आहे.

"ठाऊक आहे. माझं जाळलं की त्यांनी.
म्हणाले, सहा आठवडे नवऱ्यापासून लांब, आणि वर्षाने परत.
त्या सहा आठवड्यांचं कारण मी त्याला काय दिलं असेल,
ते लिहायला रकाना आहे तुझ्या रजिस्टरात?"

नव्हता.

पान उलटून मी तिला सतरावी ओळ दाखवली.
तिने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं.
"तू?"
सात महिने उलटलेत माझ्या तारखेला.
दुसऱ्यांची दारं वाजवत फिरलं
की आपलं दार बरोबर पाठीमागे राहतं.

ती हसत सुटली. माशांचे हात अंगापासून लांब धरून
डोळ्यांत पाणी येईतो हसली.
मग शेजारणीला माश्या हाकायला बसवलं,
गोळ्यांची डबी चितेंगेच्या गाठीत खोचली.

परतताना होडीत वजन जास्त, पाणीही जास्त.
तिने माझ्या हातातला डबा घेतला, उपसू लागली.
"आधी तू झोप त्या टेबलावर," म्हणाली,
"मी दारात बसते.
बघू कुठून पळतेस."