झुकतं माप

जहाज रिकामं येतं म्हणतात, ते खरं नाही.
पोटात परक्या समुद्राचं पाणी भरून येतं,
नाहीतर वाटेतच कलंडलं असतं.
कामसारच्या धक्क्याला लागलं
की ते पाणी बाहेर ओततं
आणि त्या जागी आमची लाल माती घेतं.
एवढा एकच व्यवहार मी डोळ्यांनी पुरता पाहिलाय.
बाकीचा कागदावर होतो.

मी फोदे. ड्राफ्ट सर्व्हेअरचा मदतनीस.
काम म्हणजे होडीतून जहाजाला फेरी घालायची,
पुढे, मध्ये, मागे, दोन्ही कुशींना,
पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते वाचायचं.
जहाज जितकं बुडालं
तितका देश त्यात चढला.
एवढ्या वजनाला दुसरा काटा नाही.

चीफ मेट रोडेलियो, इलोइलोचा,
माझ्या शेजारी गुडघे दुमडून बसतो.
लाट येते, आकडा बुडतो. लाट जाते, आकडा वर.
तो म्हणतो, बारा चौऱ्याऐंशी.
मी म्हणतो, बारा शहाऐंशी.
दोन सेंटिमीटर.
आम्ही एक सिगारेट दोघांत ओढतो,
आणखी चार लाटा जाऊ देतो
आणि पंच्याऐंशी लिहितो.

एका सेंटिमीटरला सदुसष्ट टन.
सदुसष्ट टन म्हणजे
मबालिया मावशीच्या एका काजूच्या सावलीइतकी जमीन,
कमरेएवढी खोल.
सावली वेगळी. ती कुठल्याच रकान्यात बसली नाही.

सांगारेदीहून रात्री गाडी यायची, शंभरावर डबे.
आम्ही पोरं मोजायचो,
झोप लागायची, डबे उरायचे.
मावशी अंथरुणातूनच म्हणायची, भरली गेली.
दुपारी रूळ पोकळ वाजले की म्हणायची, रिकामी आली,
आणि तांदूळ धुवायला उठायची.
तांदळाच्या पोत्यावर परदेशी हत्ती छापलेला.
पातेलं ॲल्युमिनियमचं, फुलासारखं हलकं.
त्याचा भाव तिनं दुकानदाराला दोनदा विचारला होता.
पहिल्यांदा तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

करारात एक कलम आहे: ओलाव्याचे पैसे नाहीत.
म्हणून भट्टीत माती भाजतात,
गावभर लाल धूळ, वाळत घातलेल्या कपड्यांवर, दातांवर.
तरी सहा-सात टक्के ओल उरतेच.
प्रयोगशाळेत चिमूटभर माती तापवतात,
किती हलकी झाली बघतात,
तेवढं बिलातून वजा.

हे मी मावशीला एकदा समजावून सांगितलं.
ती बाजारात पामतेल विकते, मापाचं तिला कळतं.
म्हणाली, पैसे नाहीत, ठीक.
मग ते पाणी काढून परत देतात का?
मी हसलो.
ती हसली नाही.
टेकडी खणल्यापासून तिची विहीर
फेब्रुवारीतच खरडून निघते,
दोराला आणखी दोर बांधावा लागतो.

गिऱ्हाईक टिकावं म्हणून ती
बाटली भरल्यावर वर दोन पळ्या जास्त घालते.
आम्हीही तेच करतो, मी म्हणालो.
ती म्हणाली, मी घालते.
तुमच्याकडून घेतात.

शेवटचं काम बादलीचं.
दोरीनं समुद्र वर काढायचा,
त्यात काचेची नळी तरंगवायची:
पाणी जड की हलकं,
त्यावर सगळा हिशेब फिरतो.
आज जरा जड भरलं.
रोडेलियो म्हणाला, तुमची नदी आटत चालली की काय?
म्हटलं, कुणास ठाऊक,
तुझ्याच जहाजानं काल रात्री ओतलेलं असेल.

तो सही करतो. मी सही करतो.
बादलीतलं पाणी मी परत खाली ओततो.
जिथलं तिथे, म्हणावं तर
त्याचीही आता खात्री नाही.