झिरोवर यायच्या आधी

उद्यमनगरात माझं दुकान. एक सरफेस ग्राइंडर, दोन लेथ,
भिंतीला ऑइल इंजिनाच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर.
बेअरिंग जाणार असलं की मला आठवडाभर आधी ऐकू येतं.
कान तेवढ्याच कामाचा, असं समजत होतो.

हेर्लेकरबाई पेपरात गुंडाळून पट्टी घेऊन आल्या.
स्टीलची. एका टोकाला निमुळती.
"सरोदची आहे," म्हणाल्या.
गिऱ्हाइकाला 'म्हणजे काय' असं मी विचारत नाही.
पट्टीवर घळी पडलेल्या, केसाएवढ्या.
"कशानं ओ?"
"तारा दाबून. नखानं."
मी हसलो. स्टीलवर, नखानं?
"बत्तीस वर्षं," म्हणाल्या, आणि डावा हात पुढं केला.
नखांनाही खाचा होत्या.

तीन दिवस घेतले.
आधी ग्राइंडिंग, मग ऑइलस्टोन, मग बाराशेचा पेपर, तेल लावून.
इर्शाद म्हणाला, मालक, दाढीचा आरसा करताय काय?
साडेसहाशे लावले. बाईंनी घासाघीस केली नाही,
तेव्हाच जरा कमी लावायला हवे होते असं वाटलं.

सोमवारी सुट्टी, म्हणून बसवून द्यायला गेलो.
मंगळवार पेठ, दुसरा मजला, खाली चपलांचं दुकान,
जिन्यात कच्च्या कातड्याचा वास,
आणि वर वाद्याच्या पोटालाही कातडंच. बकऱ्याचं.
एवढं तरी ओळखीचं. आमच्या गल्लीत हलगीवाले आहेत.
मोठ्या तारांखाली आणखी बारीक तारा, मी मोजल्या, पंधरा.
"या कधी वाजवायच्या?"
"त्यांना कुणी हात लावत नाही. त्या आपल्या आपण बोलतात."
इंजिन टेस्टिंगला लावलं की शेजारच्या टपरीतले ग्लास
फळीवर किणकिणतात, ते मला माहीत आहे.
पण ते ग्लास कुणी सुरात लावून ठेवलेले नाहीत.

मग नारळाच्या कवटीचा एक तुकडा घेऊन
बाईंनी छेडायला सुरुवात केली.
मी गाणं सुरू व्हायची वाट बघत बसलो.
दहा मिनिटं झाली. तबलेवाला येईल, मग सुरू होईल.
तबलेवाला काही आला नाही.
खाली कुणीतरी एम-एटी स्टार्ट करत होता, होत नव्हती.
त्यालाही घाई नव्हती वाटतं.

कधी झालं ते सांगता येत नाही.
एकदम लक्षात आलं की मी पुढं सरकून बसलोय,
डायल गेजचा काटा बघताना बसतो तसा.
"बाई," मी मधेच बोललो, बोलायचं नसतं हे माहीत नव्हतं,
"तो सूर तुम्ही चुकवताय काय?"
"कुठला?"
"तार लावताना सारखा तपासत होता, तो."
बाईंचा हात थांबला. पंधरा तारा थांबल्या नाहीत.
"मारवा आहे," म्हणाल्या. "यात घरी लवकर जायचं नसतं."

म्हणजे झिरोच्या शेजारी.
एक घर वर, एक घर खाली, परत वर,
काटा थरथरतोय आणि टेकत नाही.
आमच्याकडं असा जॉब रिजेक्ट होतो.
इथं त्याच्यावर पाऊण तास काढायचा,
आणि माणसाच्या पोटात खड्डा पडायचा.

नख वरून खाली लांबवर घसरायचं,
मधे कुठंही अडायचं नाही.
न अडणं माझं होतं. साडेसहाशेचं.
बाकीचं कुणाचं, मला कळलं नाही.

तेवढ्यात घरून फोन. सिलिंडर आलाय, सुट्टे पैसे नाहीत.
मी उठलो. बाईंनी मान हलवली, हात चालूच.
जिना उतरेपर्यंत तरी
त्या घरी पोचल्या नव्हत्या.

गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास घेतला
आणि शीळ घालून बघितली.
पहिले तीन सूर बरे निघाले.
चौथ्याला सिनेमाचं गाणं झालं.

मंगळवारी इर्शादनं विचारलं, कसलं गाणं होतं?
गाणं नव्हतं, म्हटलं.
मग?
मी जॉब लावला, काटा झिरोवर आणला,
आणि बराच वेळ मशीन चालू केलं नाही.